तोंडावर बोट

“हे मॅडम तं सोताच बोलत नाई, पोराइले काय बोलतं करीन?”

दाराबाहेर चपला काढता काढता एक बाई दुसरीला म्हणाली. मी आत सतरंजी झटकत होते. खिडकी उघडी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी सतरंजी पुन्हा एकदा झटकली. उगाच, आवाज व्हावा म्हणून.

डोणगावात वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी मी लहान मुलांचा वाचनगट घेते. आधी चित्रांची पुस्तकं, मग शेवटी कुणीतरी एकानं गोष्ट सांगायची. दाराबाहेर हे बोलणाऱ्या बाईंची मुलगी पहिलीत आहे. ती शाळेत तोंड उघडत नाही आणि आमच्याकडेही उघडत नव्हती. मागच्याच रविवारी तिच्या आईनं मला बजावलं होतं, “अजून एक डाव पाहातो. गोष्ट सांगतली तं ठीक, नाई तं ट्युशनले टाकतो.”

ही मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसते. मी कुलूप उघडेपर्यंत आम्ही दोघी काहीच बोलत नाही. आठवड्यात मला इतकं निवांत दुसरीकडे कुठे वाटत नाही. ती जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

तिची पाळी आली. मी नेहमीप्रमाणे ओठांवर बोट ठेवून दाखवलं. गोष्टीच्या वेळी हाताची घडी, तोंडावर बोट, हा नियम माझाच. मी शिकले त्या इंग्रजी शाळेत ऐकणं म्हणजे गप्प बसणं असंच होतं. सगळी बोटं ओठांवर गेली. आया भिंतीला टेकून बसल्या. शेजारच्या दुकानात सोयाबीनची पोती धप्पकन पडत होती.

“एक बकरी होती,” ती म्हणाली.

आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मी हसून मान हलवली. ती तशीच. मी पुन्हा मान हलवली. तिनं फ्रॉकची कड मुठीत धरली.

“बोल ना वो,” आई मागून म्हणाली. “घरी तं टकळी बंद नाई होत तुही.”

कुणीतरी बाई हसली. मुलीचे कान लाल झाले. माझेही झाले असतील. काहीतरी म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं आणि पुन्हा बोट ओठांवर ठेवलं. माझं मराठी पुस्तकातल्यासारखं निघतं, मुलं तोंड लपवून हसतात, हे मला माहीत आहे. आईनं पिशवी जवळ ओढली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीच्या तोंडून निसटलं, “हूं.”

“थे रोज शाळेत जाये,” बकरीवाली लगेच म्हणाली.

“शूः! मॅडम रागवीन,” शेजारच्या मुलीनं चिमुरडीला कोपरखळी मारली. तिनं घाबरून बोट ओठांवर दाबलं. खोली पुन्हा गप्प झाली आणि गोष्टही.

लहानपणी लाइट गेली की बाबा ओट्यावर बसून गोष्ट सांगायचे. वाक्य झालं की थांबायचे. माझं ‘हूं’ आलं नाही, तर म्हणायचे, “झोपली काय वो?” आणि गोष्ट तिथेच ठेवून उठायचे. ऐकणाऱ्यानं हुंकार दिला नाही, तर सांगणाऱ्यानं कुणासाठी सांगायचं? ही मुलगी विसरली नव्हती, घाबरलीही नव्हती. ती वाट पाहत होती. आणि इतके रविवार मी तिच्यासमोर ओठांवर बोट ठेवलेल्या मुलांची रांग बसवत आले होते.

“चाल,” आई उठली. “झालं तुहं.”

मुलगी उठली नाही. ती अजून माझ्याकडेच बघत होती. सगळ्या आयाही आता माझ्याकडे बघत होत्या. खिडकीतून ऐकलेलं ते वाक्य मला आठवलं. मी ओठांवरचं बोट खाली घेतलं. हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून मांडीखाली दाबून धरला.

“हूं,” मी म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. “मंग? शाळेत जाऊन काय करे?”