खापऱ्या

आमच्या सावेडीच्या गल्लीत एक हवालदार राहतात. शहरात कुठेही मोर्चा निघाला की पोलिसांतर्फे व्हिडिओ काढायचं काम त्यांचं. "चालू द्या तुमचं, चालू द्या," असं पुटपुटत ते कॅमेऱ्याला डोळा लावतात आणि शेवटपर्यंत कुणाच्या नजरेला नजर देत नाहीत. ते गल्लीतून जायला लागले की आम्ही बायका बोलायच्या थांबतो.

पाण्यासाठी महापालिकेसमोर आम्ही रिकामी मडकी घेऊन निदर्शनं केली; हवालदारांची बायकोही आमच्यात होती. काही फोडायचं नाही, लोकांच्या पायात जातं, या अटीवर परवानगी मिळाली होती. तरी मडकी फुटलीच. पहिलं मी फोडलं. सगळं संपल्यावर हवालदार एकटेच वाकून खापऱ्या गोळा करत होते.

दुसऱ्या दिवशी परवानगीचा अर्ज माझ्या नावाचा म्हणून मला ठाण्यात बोलावलं. साहेबांनी व्हिडिओ लावला. उन्हामुळे सगळ्याजणींनी तोंडाला स्कार्फ बांधलेले. साहेब शेजारी उभ्या हवालदारांकडे वळले.

"तुमच्याच गल्लीतल्या ना ह्या? नावं सांगा."

हवालदारांनी एकीवर बोट ठेवलं. "ही आमची मंडळी, साहेब. बाकीच्या न्हाई वळखू येत."

कालचाच स्कार्फ माझ्या मांडीवर होता. मी तो हळूच पर्समध्ये कोंबला. हवालदार जमिनीकडे बघत उभे होते.

संध्याकाळी टँकर आला. हवालदारांच्या बायकोचा नंबर माझ्या आधी होता. तिने आपला हंडा मागे ओढला. "ठाण्यात माझंच नाव दिलं, ते सांगितलं ह्यांनी मला," ती म्हणाली. "जाऊ द्या ताई, तुमी भरून घ्या आधी."

मी भरून घेतलं.