मॅग्नमची अकरा काडतुसं

सोनाळ्यात मला दोन नावं आहेत. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं म्हणून ‘बाई’, आणि वडिलांमुळे ‘मॅगनमवाल्याची पोरगी’. दुसरं नाव जुनं आहे. माझी साठी उलटली तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेच येतं.

मॅगनम म्हणजे वडिलांची रायफल, तीनशे पंच्याहत्तर मॅग्नम. गावाच्या वरच्या अंगाला सातपुड्याचं जंगल लागतं. वडील तरुण असताना तिथे बाहेरगावचे शिकारी यायचे आणि वडील त्यांना पाणवठे, पायवाटा दाखवायचे. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याचे गुडघे गेले, त्याने शिकार सोडली आणि जाताना रायफल वडिलांच्या नावावर रीतसर करून दिली. सोबत वीस काडतुसं. वडिलांनी त्यातली नऊ झाडली. मग शिकारीवर बंदी आली आणि अकरा उरली.

ती अकरा वडिलांना जन्मभर पुरली. झाडायला नाही, सांगायला.

काडतूस माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब होतं. पितळेचं, बुडापासून वर निमुळतं होत गेलेलं, आणि बुडाशी अंगठीसारखा एक जाड पट्टा. वडील आल्यागेल्याच्या हातावर ते ठेवायचे आणि पट्ट्यावरून त्याचं बोट फिरवायचे. म्हणायचे, पहिल्या महायुद्धाच्याही आधी विलायतेतल्या कारागिरांनी हे बनवलं. निमुळतं काडतूस नळीत जास्त आत जाऊ नये म्हणून हा पट्टा. एकाच बंदुकीने हरणापासून हत्तीपर्यंत काहीही मारता येतं, असं दुसरं काडतूस त्या काळी नव्हतं. पुढे जगात जेवढी मॅग्नम निघाली, त्या सगळ्यांनी हा पट्टा उचलला. “ह्ये साऱ्याइची माय हाये,” असं म्हणून ते काडतूस परत घ्यायचे आणि मऊ फडक्याने पुसायचे.

मी लहान होते तेव्हा हे ऐकायला बाजेवर जागा पुरत नसे. पुढे माणसं कमी होत गेली. ज्यांनी ऐकलं होतं ती वारली, ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना ऐकायचं नव्हतं. आई तर मी सातवीत असतानाच गेली होती. शेवटची पंधरा-वीस वर्षं ऐकणारी मी एकटीच. शाळेतून आले की चहा टाकायचा आणि समोर बसायचं. गोळीचं वजन, दारूचं माप, पट्ट्याची जाडी मला पाढ्यांसारखी पाठ झाली. माझं लग्न का राहिलं, याला एकच कारण नाही. पण एका स्थळाची माणसं देऊळगाव राजाहून इतक्या लांब आली होती आणि वडिलांनी त्यांना दीड तास काडतूस दाखवलं, हे मला आठवतं. मुलाच्या आईने जाताना मला एवढंच विचारलं की तुमच्याकडे नेहमीच असं चालतं का. मी हो म्हणाले.

दर रविवारी रायफल निघायची. तिची नळी साफ करायचं काम माझं. काडतुसं वडील स्वतः पुसायचे, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन, एकेक करून, पार बुडापर्यंत. मग कंबरेला बांधायच्या कातडी पट्ट्याच्या खाचांमधे ती परत बसवायची. मला रायफल खांद्याला लावायला, नेम धरायला, श्वास रोखायला त्यांनी शिकवलं. झाडू मात्र कधी दिलं नाही. ही काडतुसं आपल्या देशात बनत नाहीत, गेलेलं पुन्हा मिळायचं नाही, असं ते म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

वडील गेले तेव्हा परवान्याचा प्रश्न आला. वारसाच्या नावावर करा, नाहीतर जमा करा. कचेरीतल्या माणसाने मला चांगल्या शब्दांत विचारलं की एकट्या बाईमाणसाला हे कशाला पाहिजे. घरात आवाज करणारं काही उरलं नव्हतं, आणि रायफल तर आवाजही करत नव्हती. तरी मी अर्ज केला आणि परवाना माझ्या नावावर झाला. रविवारी मी ती काढायची, पुसायची. काडतुसंही पुसायची, वडिलांसारखीच, तेलाचे दोन थेंब घेऊन. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर आणायची. ठाण्यातला हवालदार चौकशी करायचा, बाई, तब्येत कशी आहे. त्या दोन खेपा मला बऱ्या वाटायच्या.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो चाळिशीचा आहे, गावाच्या वरच्या बाजूला त्याचं वावर आहे. सोबत शेजारचे दोन शेतकरी होते. रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या कळपाने त्यांचा हरभरा तुडवून खाल्ला होता. वनखात्याकडून एक रोही मारायची परवानगी त्यांना मिळाली होती, पण मारायला परवानेवाला माणूस हवा होता. तालुक्यातल्या एकाचं खुब्याचं हाड मोडलेलं, दुसरा पुण्याला मुलाकडे राहायला गेलेला.

“बाई, आता तुमीच हाये,” तो म्हणाला.

मी उठले. आत जाऊन चहा टाकला. किती तरी दिवसांनी चार कप काढले, आणि एकाचा कान तुटलेला निघाला तो मी मला ठेवला. बाहेर ते आपसात बोलत होते, खुर्च्या सरकत होत्या. चहा उकळेपर्यंत मी तो आवाज ऐकत उभी राहिले. बाहेर येऊन मी हो म्हटलं. हरभऱ्यासाठी मी हो म्हटलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. मी नाही म्हटलं असतं तर ते चहा पिऊन निघून गेले असते. हो म्हटल्यावर त्यांना पुन्हा यावं लागणार होतं.

आणि ते आले. चार दिवस रोज कोणी ना कोणी येत राहिलं. बसायचं कुठे, वारा कुठून असतो, हाकारा किती जणांनी घालायचा. मी वडिलांचीच वाक्यं सांगत होते आणि ते मान डोलावत होते. विद्यार्थ्याची बायको एकदा ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन आली आणि तासभर बसली. वनरक्षकाने कागद तपासताना मला विचारलं की तुम्ही आधी चालवली आहे ना. मी म्हणाले, वडिलांनी शिकवलंय. हे खोटं नव्हतं. पण मी एकही गोळी कधी झाडलेली नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.

ठरलेल्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता वावरात गेलो. बांधावर बाभळीच्या आडोशाला मी, माझ्या उजव्या हाताला विद्यार्थी, मागे वनरक्षक. थंडीने बोटं आखडली होती. नाल्याकडून हाकारा सुरू झाला आणि थोड्याच वेळात तुरीच्या ओळींमधून एक नर बाहेर आला. काळपट निळा, घोड्याएवढा. शंभरेक पावलांवर येऊन तो थांबला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. पलीकडे टेकाड होतं, माणूस कोणी नव्हतं. मी नेम धरला, श्वास रोखला आणि चाप ओढला.

नुसतं टक झालं.

वडील सांगायचे, अशा वेळी हलायचं नाही. काडतूस उशिराही पेटतं. नळी समोर ठेवून साठ मोजायचे.

“बाई, काय झालं?” विद्यार्थी कुजबुजला.

“थांब. बोलू नको.”

मी साठ मोजले. रोही कान हलवत उभाच होता. एवढा वेळ कोणी माझ्याकडे टक लावून पाहिल्याचं मला आठवत नाही. साठ झाल्यावर मी ते काडतूस काढलं, दुसरं भरलं. बोल्टच्या आवाजाने त्याने मान वर केली, पण गेला नाही. पुन्हा टक. मी पुन्हा मोजायला लागले, आणि चाळीसच्या आसपास तो वळला, बांध ओलांडून चालत गेला. पळालासुद्धा नाही.

हाकाऱ्याची माणसं आली. कोणी काही वाईट बोललं नाही. एक जण म्हणाला, जुना माल हाये, व्हते असं. दुसऱ्याने माझा थर्मास उचलून घेतला. गावात येईपर्यंत ते झटका मशीनबद्दल बोलत होते, सौरऊर्जेवरच्या तारेच्या कुंपणाबद्दल, आणि आठ दिवसांत त्यांनी तिघांत मिळून ते बसवलंही. त्यानंतर माझ्याकडे यायचं कोणाला काम राहिलं नाही.

मी कागदपत्रं घेऊन अकोल्याला एका जुन्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे गेले. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्याने ती दोन काडतुसं भिंगाखाली धरली, मग बाकीची पाहिली. बुडाच्या मधोमध जी टोपी असते, जिच्यावर ठोका पडून ठिणगी उडते, तिथे त्याने नख फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

“तेल लावत होता का याले?”

मी म्हणाले, दर रविवारी. वडील, आणि मग मी.

त्याने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, तेल झिरपत झिरपत टोपीत गेलं, आतला मसाला मेला. “कोरडी ठेवली असती नं बाईसाब, तं आजही चालली असती. लय पुसलं तुमी लोकाइनं.”

मग त्याने आपणहून बराच वेळ त्या काडतुसाबद्दल सांगितलं. बाहेरच्या देशांत अजूनही ते बनतं, आफ्रिकेत अजूनही लोक वापरतात. पट्ट्याची गरज फक्त अशा निमुळत्या काडतुसाला होती. नंतरच्यांना ती नव्हती, तरी त्यांनी पट्टा ठेवला, कारण पट्टा नसला तर गिऱ्हाइकाला ते मॅग्नम वाटेना. हे वडिलांना ठाऊक नसावं. ठाऊक असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी मान हलवत ऐकत होते. बाकीचं मला सगळं येत होतं, तरी मधे बोलले नाही. शेवटची बस गाठायची म्हणून उठले.

महिन्याभरात मी रायफल आणि काडतुसं सरकारजमा केली. हवालदार बदलून गेला होता. नव्या हवालदाराने पावती दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

होळीच्या सुमारास विद्यार्थी आला. हरभरा निघाला होता, माझ्यासाठी पिशवीभर आणला होता. मी त्याला बसवलं आणि रायफल दिल्याचं सांगितलं. मग न राहवून तेही सांगितलं, की मी त्या दिवसाआधी कधीच चाप ओढला नव्हता.

“मले ठाऊक व्हतं, बाई,” तो म्हणाला. “माह्या बापानं सांगतलं व्हतं, मॅगनमवाला पोरीले झाडू देत नाई म्हून.”

“मग मले काऊन नेलं?”

त्याने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. “तुमी हो म्हनलं. चार रोज लय खुश दिसल्या. मंग म्या काय बोलू?”

मी चहा टाकते म्हटलं. तो म्हणाला, वावरात लाइन आली असेल, मोटर लावायची आहे. फाटकापर्यंत मी त्याच्यासोबत गेले. तो गाडीला किक मारून गेला. मी आत येऊन हरभरा सुपात ओतला आणि निवडायला बसले. एकटीला तो वर्षभर संपणार नव्हता.