नुसता रस्सा

डॉक्टरांनी बाबांचं मटण, चिकन, मासे बंद केले तेव्हा मला चक्क आनंद झाला होता. किडन्या थकल्यात, आता जपलं तर वर्षं निघतील, असं ते म्हणाले होते. मी त्यातलं फक्त 'निघतील' ऐकलं.

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथे मटण म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शिमग्याला, नाहीतर जावई आला तर. पुनर्वसनाच्या या वस्तीत ते दर रविवारी शिजू लागलं, आणि बुधवारी कोंबडी. वस्तीमागे कोंबड्यांची शेडं उभी राहिली. त्यांची घाण नाल्यात, नाल्याचं पाणी विहिरीत. वाळत घातलेल्या कपड्यांनाही वास येई. आपणच कमी खाल्लं तर ही शेडं कशाला वाढतील, असं मी ताटावर बसून सांगायची. बाबा म्हणायचे, "मॅडम, पोटात कावळे बोंबलून राहिले, आधी वाढा." माझ्या भाषणांनी जे झालं नाही ते डॉक्टरांच्या एका वाक्यानं झालं.

तरीही तपासणी दर वेळी वाईटच येत गेली. पाय सुजले, तोंडाला कडवटपणा आला. लाखोळीची डाळसुद्धा मी बेतानं वाढत होते, मीठ तर जवळजवळ बंदच. मग चुकतंय कुठे? विहिरीचं पाणी असेल म्हणून मी विकतचे कॅन आणायला लागले. शेडवाल्याशी भांडून आले. देवाशीही भांडले.

एका रविवारी दुपारी कामावरून लवकर घरी आले. आई चुलीपाशी बसून मटणाच्या गंजातून पळीनं तुकडे वेगळे काढत होती. तुकडे शेजारी द्यायचे होते. उरलेला लाल रस्सा तिनं बाबांच्या भातावर ओतला.

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. मटण सोडलेल्या माणसाला पंगतीत तुकडा वाढत नाहीत, नुसता रस्सा वाढतात, तोही आग्रहानं. असा रस्सा खाणारा आमच्याकडे शाकाहारीत जमा होतो. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण माझ्याच घरात, मी कामावर गेल्यावर ते चालत असेल हे डोक्यातच आलं नाही.

मी ताट ओढून घेतलं. ओरडले. आई घाबरून म्हणाली, "एक तुकडा बी नाही देला वो माय! रस्साच त होता. ह्याईले निस्ता भात जात नाही, काय करू मी?"

"सगळं मटण त्या रश्शातच उतरते, आई! मीठ बी त्यातच!"

तिनं हातातली पळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "रस्सा खाल्ला त मटन खाल्लं होते का?"

आता डायलिसिस सुरू झालंय. भंडाऱ्याला जायचं, सुया टोचून घ्यायच्या, परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. बाबांचे हात काडीसारखे झालेत. मला कुणाला तरी फाडून खावंसं वाटतं, आणि समोर असते ती आई. परवा सकाळी पुन्हा तिच्यावर तोंड सोडलं, तिच्या अडाणीपणाचा उद्धार केला. ती गुमान सुपात तांदूळ निवडत होती.

बाबा भिंतीकडूनच बोलले, "तिले नको बोलू. मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"डॉक्टरनं मले सांगतलं होतं. रस्सा बी नाही म्हणून. तिले सांगतलो असतो त बंद झाला असता."

मला रडू आलं आणि संतापही. आईचा हात सुपात तसाच थांबला होता. ती उठली, बाबांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

"मंग माह्या हातानं काहून खाल्लं?" ती म्हणाली.