रक्तवाढीची गोळी

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाप अंबरनाथच्या कारखान्यात कामगार, आईची शाळा चौथीत सुटलेली. हे मी ताठ मानेने सांगते. पण लग्न ठरलं तेव्हा त्या पदवीपेक्षा एक बारीक पांढरी गोळी जड झाली.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी बसल्या जागी पेंगायला लागले. भर मे महिन्यात अंगावर गोधडी, कंगव्यात केसांचे पुंजके. उल्हासनगरच्या सिंधी डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि बापाला त्याच्या भाषेत समजावलं. "गळ्यात थायरॉईड म्हणून ग्रंथी असते. तिच्या रसावर सगळ्या अंगाची मशीन चालते. डोक्यातला मुकादम तिच्याकडून काम करून घेतो. हिची ग्रंथी ढिली पडली, म्हणून मुकादम ओरडतोय. रिपोर्टमध्ये वाढलेला आकडा आहे ना, ते त्याचं ओरडणं."

"म्हणजे गोळी हा बदली कामगार," बाप म्हणाला.

"बरोबर. बेटा, सुबह खाली पेट, फक्त पाण्याबरोबर. चाय एक घंटे बाद. बहुतेक आयुष्यभर."

आईने तेवढा शेवटचा शब्द ऐकला. लग्नाची बॅग भरताना तिने बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून काढलं. "कोणी विचारलं तर रक्तवाढीच्या म्हणायचं. बायकांना रक्त कमी असतंच, त्याचं कोणाला काही वाटत नाही." मी भांडले. पण हॉल ठरला होता, पत्रिका वाटल्या होत्या.

सासर मोरिवलीचं. दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी मला पकडलं. "काय गो ते?"

"रक्तवाढीची गोळी."

"आणि उपाशीपोटी? मळमळून मरशील. ती खाऊनच घ्यायची, माझ्या बाळंतपणांत मी खाल्ल्यात."

बाटली त्यांनी मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली. रोज सकाळी चहा-चपाती झाली की स्वतःच्या हाताने माझ्या तळहातावर गोळी द्यायच्या. खोटी माया नव्हती ती. तेच मला अजून जास्त सलतं.

नवऱ्याला खरं सांगितलं, तर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "घेतेस ना रोज? मग चहाच्या आधी काय नि नंतर काय."

वर्षभरात चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, पाळी दोन-दोन महिने चुकायला लागली. दर वेळी आशा लागायची, दर वेळी मोडायची. शेजारणींसमोर सासूबाई म्हणायच्या, "शिकलेली सून आणली ना, खुर्चीवरून हलवायला माणूस लावावा लागेल." मूल का होत नाही, हे मात्र माझ्या तोंडावर विचारायच्या.

शेवटी नवरा आणि मी बदलापूरच्या बाईडॉक्टरांकडे गेलो. आकडा पहिल्यापेक्षाही चढलेला. "गोळी कधी घेता?"

"चहा-चपातीनंतर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग अंगाला लागणार कशी ती? मूल हवं असेल तर आधी हे ताळ्यावर आणा."

त्या दिवशी घरी येऊन मी गोळीचं खरं नाव सांगितलं आणि सगळं फुटलं. "आजारी पोरगी आमच्या गळ्यात मारली," सासूबाई म्हणाल्या. माझ्या आईला फोन लावून जे बोलल्या, ते मी इथे लिहिणार नाही. नवरा खाली बाईक पुसत होता.

आता मी ओट्याशी उभी राहून सगळ्यांसमोर गोळी घेते. चहा तासाने. आकडा जागेवर आलाय. मूल अजून नाही.

या वर्षी नणंदेची मान पुढून सुजल्यासारखी दिसायला लागली. तपासणीत तेच निघालं. तिला स्थळं बघणं चालू होतं. सासूबाई मला आत घेऊन गेल्या, दार लोटलं. "कोणाला बोलू नकोस. विचारलंच तर रक्तवाढीच्या म्हणू."

त्यांना काही आठवत नव्हतं, की आठवून बोलत होत्या, मला कळलं नाही. मी फक्त नणंदेला गच्चीवर नेलं आणि माझी सगळी गोष्ट सांगितली, चुकलेल्या पाळ्यांसकट.

रविवारी पाहुणे आले. पोहे झाले. मुलाच्या आईने विचारलं, "तब्येत-बिब्येत बरी ना गं?"

"थायरॉईडची गोळी चालू आहे," नणंद म्हणाली. "सकाळी मी चहा तासाने घेते."

पाहुणे कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

दार लागल्यावर सासूबाई माझ्यावर धावून आल्या. "तूच शिकवलंस ना तिला?"

"हो," मी म्हटलं. "मीच."