लाल दिव्यावरची टेप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्यावर लेख लिहिणाऱ्यांना तर मुळीच नाही — ते येतात, चहा पितात, तिवशाचा पोरगा माहितीपटवाला कसा झाला ते विचारतात. मी ठरलेलं तेवढंच सांगतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात युसूफचाचा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी त्यांच्याकडे दोन वर्षं शिकलो. एकदा मी लिहिलेली पाटी त्यांनी गिऱ्हाइकासमोर रॉकेलच्या बोळ्यानं पुसून टाकली. "तुह्या हातात अक्षर नाही रे बाप्पा. तू ट्रकचे नंबर लिही." सगळे हसले. मीही हसलो — दुसरं काय करणार होतो?

पुढं भांडून, घासाघीस करून कॅमेरा मिळवला, नाव मिळवलं. कुणाच्या मेहरबानीनं नाही. आणि वीस वर्षांनी चाचांवरच माहितीपट काढायला गेलो. गुरूचे उपकार फेडायला म्हणून, असं मी सगळीकडे सांगतो. खोटं!

चाचांचा हात तोवर थरथरायला लागला होता. रेघ ओढताना ते डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरायचे. शूटिंगच्या आदल्या दिवशी त्यांनी एकच अट घातली होती. "पाट्या दाखव, मले दाखव. हात नको दाखवू. गिऱ्हाईक हातच पायते." मी हो म्हणालो. सौद्यात शब्द फिरवणाऱ्याला मी आजही दारात उभं करत नाही. आणि मी काय केलं? त्यांनी ब्रश उचलला तेव्हा कॅमेरा बंद केला म्हणालो. तो चालू होता. त्याच्या लाल दिव्यावर काळी टेप मी सकाळी लॉजवरच चिकटवली होती. चुकून नव्हे — दातांनी तोडून, नीट मापून.

अमरावतीत माहितीपट दाखवला, तेव्हा पडदाभर तो हात थरथरला. लोक रडले, टाळ्या मला मिळाल्या. तुम्हीही वाजवल्या असतील. बार्शीटाकळीच्या कापडवाल्यानं चाचांना रंगवायला दिलेली पाटी परत नेली, फ्लेक्स लावला. मग दुसऱ्यानं. मग कुणीच आलं नाही.

चाचा एसटीनं अमरावतीला आले. माझ्या ऑफिसात, चार जणांसमोर, हळूच विचारलं, "बेटा, कॅमेरा बंद हाय म्हणला होता ना तू?"

"चाचा, तुमीच तर हो म्हणले होते. उमर झाली, विसरून राहिले तुमी."

त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं.

"असंन," म्हणाले. "माफ कर."

आणि मी — मी त्यांना माफ केलं.