तू सांग, ते टाइप करतील

"खुर्चीला हात लावू नकोस," साहेब म्हणाले. "मागे उभी राहून सांग. जिग्नेशभाई टाइप करतील."

जिग्नेशभाई हिशेब बघायचे. सर्व्हर सांभाळायला नेमलेली मी. बडोद्यातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये.

पहिल्या दिवशी साहेब मराठीत बोलले तेव्हा बरं वाटलं होतं. रावपुऱ्यातलं जुनं घराणं त्यांचं, संस्थानच्या कारभाऱ्यांचं. मी शहराच्या कडेच्या तरसालीची. माझे पणजोबा त्याच संस्थानच्या फौजेत शिपाई. साहेबांनी आडनाव विचारलं. मग मूळ गाव. तेवढ्यावरून त्यांना जात कळली. मुख्य पासवर्ड मला कधी मिळालाच नाही. आणि मराठी उरली ती फक्त टोचायला. बाकी सगळे गुजराती. त्यांना वाटायचं, दोघं घरचं बोलतायत.

त्या सकाळी सर्व्हर बंद होऊन परत सुरू झाला आणि स्कॅनचं फोल्डर रिकामं. बाहेर पेशंट ताटकळलेले. एका बाईंच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं, डॉक्टर जुना स्कॅन मागत होते. साहेब हळूच म्हणाले, "तुमच्या लोकांचा हात लागला की असंच व्हायचं."

हात लागलाच कुठे होता? नवी डिस्क त्यांनीच जोडली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं, नुसती माउंट करून, म्हणजे त्या वेळेपुरती जोडून, भागत नाही. सर्व्हर सुरू होताना ती आपोआप जोडली जावी म्हणून फाइलमध्ये तशी ओळ लिहावी लागते. त्यांनी ऐकून सोडून दिलं.

साहेबांनी पासवर्ड घातला. मी मागून सांगायला लागले. डीएफ. स्पेस. मायनस. एच. जिग्नेशभाई एकेक अक्षर शोधत होते. कुठली डिस्क जोडलेली, कुठली किती भरलेली, ते पडद्यावर आलं. नवी डिस्क त्यात नव्हतीच. म्हणजे स्कॅन पुसले गेले नव्हते. डिस्कवर शाबूत होते, डिस्कच जोडलेली नव्हती. पुढची कमांड जिग्नेशभाईंनी चुकवली. परत चुकवली. माझी बोटं हवेतच चालत होती.

"नीट सांगताही येत नाही," साहेब पुटपुटले. "कोट्यातलं शिक्षण."

मी सांगायची थांबले. मग रिसेप्शनपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गुजरातीत बोलले, "साहेब मराठीमां कहे छे के अमारा लोकोनो हाथ लागे एटले बधुं बगडे."

साहेबांची नजर खाली. जिग्नेशभाई उठले. मी बसले. एक कमांड, आणि फोल्डर भरलं. बाईंना स्कॅन मिळाला. राहिलेली ती ओळही मी लिहून टाकली.

माफी कुणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पासवर्ड बदलला, जो मला कधी मिळालाच नव्हता. आई म्हणाली, नोकरी आहे, गिळून टाक. आईनं आयुष्यभर तेच केलं. मला नाही जमत.

काही दिवसांनी डिस्क भरत आली. साहेबांनी बोलावलं. खुर्चीमागची जागा दाखवली. जिग्नेशभाई मान खाली घालून बसलेले. मी तिथे जाऊन उभी राहिले नाही. गुजरातीतच सांगितलं, खुर्ची आणि पासवर्ड द्या, आत्ता काम करते. हात सोडून नुसतं डोकं मिळणार नाही.

साहेब मराठीत म्हणाले, नोकरी जाईल.

जाऊ दे, मी गुजरातीत म्हटलं. काढा. पण कारण सगळ्यांसमोर सांगा, सगळ्यांना कळेल अशा भाषेत.