मिलिंदच्या खिळ्यावरचा चेहरा

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोट आत ओढून, त्यानेच शिवलेल्या पँटचं बटन लावत होतो. ते तुटून पलंगाखाली गेलं. बातमी ऐकूनही मी आधी बटनच शोधलं... माणूस असा असतो. निदान मी तरी असा आहे.

मिलिंद माझा दोस्त, धंद्याने शिंपी. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत, घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं शिलाई मशीन आणि त्यामागे खाटेवर त्याची माय. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेलेले, पण कापड बोटांनी ओळखायची. मिलिंदच्या फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत पोचून तिथे तीन गाठी झाल्या, तेव्हा इस्पितळात सोबत मीच होतो. डोकं हलू नये म्हणून कवटीत स्क्रू पिळून लोखंडी चौकट बसवतात, हे ज्ञान मी त्याला ऑटोतच देऊन टाकलं. बिचारा आत जाईपर्यंत कपाळ चाचपत होता. तिथे कळलं की आता चौकट लागत नाही. जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात. थंड झाला की त्या चेहऱ्याचाच मुखवटा होतो. तो टेबलाला घट्ट अडकवायचा, आणि मग यंत्र फिरत फिरत नेमके गाठींवर किरण सोडणार. पत्रा तोंडावर यायच्या आधी मिलिंदने विचारलं, "काऊन बे वसंता, तुया स्क्रू कुठी हाये?" हलू नका, असं तंत्रज्ञाने बजावलं. मिलिंद हसू दाबून पडून राहिला. ते दाबलेलं हसू मुखवट्यात बसलं ते कायमचं, ओठांच्या डाव्या कोपऱ्यात.

उपचार संपल्यावर त्याने मुखवटा मागून घेतला. "असं माप मी उभ्या जन्मात घेतलं नाई," म्हणत मशीनच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला अडकवला. डोक्यातल्या गाठी आटल्या. छातीने मात्र ऐकलं नाही.

तो गेल्यापासून माय रोज सकाळी मुखवटा मांडीवर घ्यायची. फोटोचा तिला काय उपयोग? बोटं कपाळावरून नाकावर यायची, नाकावरून ओठांच्या त्या कोपऱ्यात, आणि तिथे थांबायची. दुपारी मी तिच्या सोबतीला जाऊन बसायचो; ऊन आलं की जाळीतून भिंतीवर ठिपक्यांचा चेहरा उमटे आणि हळूहळू माझ्या खुर्चीकडे सरके. मी खुर्ची बदलायचो.

तिसऱ्या आठवड्यात, माय शेजारी गेलेली असताना, मला सेवा करायची लहर आली. जाळीत कापसाचे तंतू अडकले होते, म्हणून मी मुखवटा कढत पाण्याच्या बादलीत बुडवला. पत्रा गरम पाण्यात मऊ होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मी! बघता बघता नाक खाली बसलं. ओठ फाकले, काही सांगायचं असावं तसे, आणि पसरत सपाट झाले. पाण्यात नुसता पत्रा उरला.

घाबरलेल्या माणसाची अक्कल ती किती... पत्रा मऊ होता तोवर मी तो स्वतःच्याच चेहऱ्यावर दाबला. थंड होताना तो आवळत गेला, कुणी दोन्ही तळव्यांनी माझं माप घ्यावं तसा. मी डावा कोपरा वर ठेवून हसायचा प्रयत्न करत होतो. कानाशी श्वास ऐकू येत होता. मी माझा रोखून धरला. तरी दोनदा आला.

संध्याकाळी परतल्यावर मायने मुखवटा मांडीवर घेतला. बोटं नाकावरच थबकली.

"वसंता, इकडे ये."

तिने माझा चेहरा चाचपला, त्याच क्रमाने.

"नाक तुयं हाये. मायं लेकरू कुठी गेलं रे?"

मी बादलीचं सगळं सांगितलं.  तिने मुखवट्याच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात बोट टेकवलं.

"इथं हाये तो अजून. लाव खिळ्याले."

मी लावला. तिची सकाळची सवय सुटलेली नाही. साडेसातच्या सुमारास मी इकडे वर्ध्यात, घरी चहा पीत असतो. तेव्हा ओठांच्या डाव्या कोपऱ्याला कुणाचं तरी बोट लागतं. मी कप खाली ठेवतो, आणि तिचं होईपर्यंत हलत नाही.